खेळण्यातली बंदूक, खरी बंदूक आणि आपली मुलं: अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मराठी शाळा दर रविवारी सकाळी भरते. मुलं आत बाराखडी गिरवत असतात तेव्हा आम्ही पालक बाहेर चहाचा थर्मास उघडून बसतो. ओहायोत येऊन मला सतरा वर्षं झाली. या गप्पांमध्ये बंदुकीचा विषय पूर्वी क्वचित निघायचा, आता दर महिन्याला कुणीतरी काढतंच. मी डॉक्टर नाही की पोलिसात नाही. मी दोन मुलांची आई आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत जे घडलं (ते शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे) त्यानंतर या विषयावर मी जमेल तेवढं वाचलं आणि जाणकारांना विचारलं. तिथून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

लहानपणी आम्ही सगळेच टिकल्यांच्या बंदुकीने खेळलो. आमचं काही बिघडलं नाही. मग आता एवढी काळजी कशाला?

दिवाळीत किल्ला करायचा, त्यावर मावळे मांडायचे आणि खिशात टिकल्यांची डबी ठेवून दिवसभर ठो-ठो करत हिंडायचं. मीही हेच केलं आहे. त्या दारूचा वास अजून नाकात आहे. पण आपण ज्या वाड्यात किंवा चाळीत खेळत होतो, तिथे एकाही घरात खरी बंदूक नव्हती. हातात आलेली बंदूक खेळण्यातलीच असणार, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. ते खरंच होतं.

इथे ते खरं नाही. २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून असा अंदाज निघाला की अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात, जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते. आणि २०२० पासून १ ते १९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. रस्त्यावरचे अपघात त्यानंतर येतात. आपल्या बालपणीच्या सवयी आपण विमानातून सोबत आणल्या, पण त्या सवयी ज्या भरवशावर उभ्या होत्या तो भरवसा तिकडेच राहिला.

मग मुलाला खेळण्यातली बंदूक द्यायचीच नाही का?

मी तरी तसं म्हणणार नाही. तुम्ही दिली नाहीत तर मूल काठीची करेल, लेगोची करेल, काही नाही तर दोन बोटांची करेल. चोर-पोलीस खेळणारं मूल हिंसक होतं असं मानायला मला आधार सापडलेला नाही. ज्या घरांना नको वाटतं त्यांनी ठामपणे नाही म्हणावं, त्यात काही गैर नाही. आम्ही दिली. मात्र तीन अटींवर. जो खेळात नाही त्याच्यावर रोखायची नाही, मग तो आजोबा असो की कुत्रा. चेहऱ्यावर कधीच रोखायची नाही. आणि "नको" म्हटलं की खेळ तिथेच थांबवायचा. अट मोडली की बंदूक आठवडाभर कपाटावर. तिसरी अट बंदुकीपुरती नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुकानात इतके प्रकार असतात. कोणती घ्यावी?

जी दुरूनही बंदूक वाटत नाही ती. हिरवी, जांभळी, पारदर्शक, पाण्याची, फोमच्या बाणांची. काळी किंवा चंदेरी, धातूसारखी दिसणारी घेऊ नका, मुलाने कितीही हट्ट धरला तरी.

नळीच्या टोकावर नारिंगी टोपण असतं, त्यावर मात्र विसंबू नका. खेळण्यातल्या बंदुकांवर अशी खूण हवी, असा केंद्रीय कायदा इथे १९८९ पासून आहे. पण ती खूण मुलं काढून टाकतात, रंगवून टाकतात, किंवा ती आपोआप तुटते. शिवाय हवेच्या दाबावर छर्रे मारणाऱ्या ज्या बीबी गन मिळतात, त्यांना हा नियम लागूच नाही. त्या हुबेहूब पिस्तुलासारख्या दिसतात आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात बॅट-बॉलच्या शेजारी टांगलेल्या असतात. बीबी गन हे खेळणं नाही. तिच्यातून ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सुटतो, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. भाऊबिजेची भेट म्हणून कुणी ती आणली तर गोड बोलून परत करा.

पाण्यात फुगणाऱ्या मऊ गोळ्यांच्या बंदुकांचं हल्ली वेड आहे. २०२२ च्या सुमारास अनोळखी माणसांवर त्या झाडायच्या आणि व्हिडिओ टाकायचा, असं एक खूळ मुलांमध्ये पसरलं होतं आणि ठिकठिकाणच्या पोलिसांना इशारे द्यावे लागले होते. अंगणात, डोळ्यांवर चष्मा लावून, आपापसात खेळले तर ठीक.

अंगणात खेळतात, मग बागेत नेली तर काय बिघडलं?

याचं उत्तर देताना मला दर वेळी जड जातं, कारण आमच्या घरापासून क्लीव्हलंड तासाभराच्या रस्त्यावर आहे.

२२ नोव्हेंबर २०१४. क्लीव्हलंडच्या एका बागेत टामीर राईस नावाचा बारा वर्षांचा मुलगा प्लास्टिकच्या गोळ्या मारणारं एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. नारिंगी खूण त्यावर नव्हती. एका माणसाने ९११ ला फोन केला. फोनवर तो म्हणाला होता की पिस्तूल बहुधा खोटं असावं आणि मुलगा बहुधा अल्पवयीन असावा. हे दोन्ही "बहुधा" निघालेल्या पोलिसांपर्यंत पोचलेच नाहीत. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला.

टामीर कृष्णवर्णीय होता, आणि ही गोष्ट बाजूला ठेवून त्या घटनेबद्दल बोलता येत नाही. आपली मुलंही सावळी आहेत. बारा-तेराव्या वर्षी ती एका उन्हाळ्यात चार इंच वाढतात आणि लांबून पाहणाऱ्याला मोठा माणूस दिसतो. मुलाला घाबरवून सोडू नका, पण नियमात सूट देऊ नका. बंदुकीसारखं दिसणारं काहीही घराच्या कुंपणाबाहेर जाणार नाही. बागेत नाही, गाडीच्या मागच्या सीटवर नाही, हॅलोविनच्या वेषातही नाही. आणि पोलीस समोर आले तर हातात जे असेल ते घेऊन वळायचं नाही की पळायचं नाही. हात रिकामे आणि दिसतील असे ठेवायचे, सांगतील तसं करायचं.

आजी-आजोबा भारतातून टिकल्यांचं पिस्तूल आणतो म्हणताहेत.

त्यांना निघायच्या आधीच फोन करून सांगा. टिकल्या स्फोटक समजल्या जातात, त्या हातातल्या सामानात चालत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही चालत नाहीत. नुसतं पिस्तूलही हातातल्या सामानात घेऊ देत नाहीत. सत्तरीच्या माणसांना विमानतळावर बॅगा उघडून उत्तरं द्यायला लागू नयेत. त्याऐवजी किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणायला सांगा, कागदात नीट गुंडाळून.

शाळेत चुकून नेली तर?

शाळा याकडे फार कडकपणे पाहतात. २०१३ मध्ये मेरीलँडमधल्या एका सात वर्षांच्या मुलाने नाश्त्याची पेस्ट्री चावून चावून तिला बंदुकीसारखा आकार आणला, म्हणून त्याला दोन दिवस शाळेतून काढलं होतं. मला ते अतीच वाटलं होतं. पण दप्तर रोज रात्री तपासा, आणि आपल्या शाळेची नियमावली एकदा वाचून ठेवा.

आमच्या मुलाला आम्ही नीट समजावलंय. तो बंदुकीला हात लावणार नाही. खात्री आहे.

ही खात्री मलाही होती.

२००१ साली प्रसिद्ध झालेला अटलांटातला एक अभ्यास आहे. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, दोघा-तिघांचे २९ गट. प्रत्येक गटाला एका खोलीत पंधरा मिनिटं खेळायला सोडलं. एका खणात पाण्याची पिस्तुलं होती, दुसऱ्या खणात खरं .३८० कॅलिबरचं पिस्तूल. ते झाडता येणार नाही असं केलेलं होतं, पण गोळी सुटेल इतक्या जोराने चाप ओढला तर दिवा लागायचा. काचेपलीकडे निरीक्षक बसले होते.

२१ गटांना ते पिस्तूल सापडलं. त्यातल्या १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांना सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खरं की खोटं हे ठरवता आलं नाही. आणि ज्यांनी ते हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी कुणीतरी समजावलेलं होतं.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप मिटून ठेवला. ती मुलं बेशिस्त नव्हती. खण उघडल्यावर जे होतं ते कुतूहल, आणि शेजारी मित्र उभा असतो. त्या क्षणी जेवणाच्या टेबलावर दिलेलं व्याख्यान आठवत नाही.

मग शिकवायचंच नाही का? आणि शिकवायचं तर कसं?

शिकवायचं. पण आपण शिकवलं म्हणजे झालं, असं धरून चालायचं नाही. बंदूक मुलाच्या हाती लागू न देणं हे मोठ्यांचं काम, ते सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर टाकता येत नाही.

इथे बऱ्याच शाळांमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केलेला एडी ईगलचा धडा शिकवतात. गरुडाचं चित्र आणि चार पायऱ्या. मराठीत आम्ही त्या अशा म्हणतो: थांबायचं, हात नाही लावायचा, तिथून पळायचं, मोठ्यांना सांगायचं. पायऱ्या चांगल्या आहेत. अडचण त्यांच्या पाठांतराची आहे. संशोधक रेमंड मिल्टेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर बरंच काम केलं. मुलं चारही पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवायची, पण खोलीत एकटं असताना समोर पिस्तूल आलं की तसं वागायची नाहीत. जिथे पायऱ्या प्रत्यक्ष करून घेतल्या, आणि मुलाला न सांगता परीक्षा घेऊन चुकल्यास तिथल्या तिथे पुन्हा करवून घेतलं, तिथे फरक दिसला.

आम्ही घरी हे असं केलं. खऱ्या शस्त्राची गरज नाही, एक काळं प्लास्टिकचं पिस्तूल फक्त याच कामासाठी आणलं आणि एरवी कुलपात ठेवलं. आधी मी स्वतः करून दाखवलं: खण उघडला, थांबले, हात मागे घेतले, खोलीबाहेर गेले, नवऱ्याला हाक मारली. मग मुलीने केलं, पाच-सहा वेळा. वेगवेगळ्या खोल्यांत केलं, गाडीत केलं. मग महिन्याभराने तिला न सांगता सोफ्याच्या उशीमागे ते ठेवलं. ती तिथेच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. हात लावला नाही, पण हाकही मारली नाही. मी रागावले नाही, दोघींनी मिळून पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला तिची हाक वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आली.

दोन गोष्टी माझ्या अनुभवातून. पायऱ्या मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे घोटवून घ्या, कारण मित्राला "हात लावू नकोस" हे मुलाला इंग्रजीतच सांगायचं आहे. आणि "खरी आहे का बघू" हा विचारच शिकवू नका. खरी की खोटी हे मोठ्यांनाही कळत नाही. बंदुकीसारखं दिसलं आणि ते माझं नाही, एवढं पुरे.

मित्राच्या घरी खेळायला पाठवताना "तुमच्याकडे बंदूक आहे का" असं विचारायचं? फार अवघड वाटतं.

पहिल्यांदा मलाही वाटलं. आपल्याकडे कुणाच्या घरात काय आहे हे विचारणं म्हणजे चोंबडेपणा. पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आपण सांगतो, कुत्रा चावरा आहे का हे विचारतो, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का हेही विचारतो. त्याच यादीत हा प्रश्न घाला, आणि "आहे का" असं न विचारता "असेल तर कशी ठेवता" असं विचारा. मी साधारण असं म्हणते: "त्याला शेंगदाणे चालत नाहीत, सहा वाजता घ्यायला येते. आणि मी हे सगळ्यांनाच विचारते, घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" समोर न जमलं तर मेसेज करा.

इतक्या वर्षांत एकच आई नाराज झाली. बाकीच्यांनी सरळ उत्तर दिलं, आणि दोघींनी उलट आभार मानले. उत्तर मनासारखं नसलं तर "मग मुलं आमच्याकडेच खेळू देत" म्हणायचं आणि पोहे टाकायचे. आणि हो, मराठी घरांनाही विचारा. आपल्यातही अनेकांनी बंदुका घेतल्या आहेत, फक्त त्या गणपतीच्या आरतीला दिसत नाहीत.

आमच्याच घरात आहे. दुकान रात्री बंद करून यावं लागतं, म्हणून घेतली.

तुमच्या निर्णयावर मी मत देणार नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, म्हणते की मूल असलेल्या घरात बंदूक नसणं सगळ्यात सुरक्षित, आणि असेल तर ती रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली किंवा आकडे मुलाला माहीत नसावेत. मुलाचा वाढदिवस हा तिजोरीचा आकडा ठेवू नका, मुलं तो पहिल्यांदा लावून बघतात.

उशीखाली, मोज्यांच्या खणात, कपाटाच्या वरच्या फळीवर, गाडीच्या कप्प्यात ही "लपवलेली" बंदूक मुलाला ठाऊक असते. दिवाळीचे लाडू कुठे ठेवलेत हे ज्यांना कळतं त्यांना हेही कळतं. विकत घ्यायचं कुलूप परवडत नसेल तर प्रोजेक्ट चाइल्डसेफ या उपक्रमातली केबलची कुलपं अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतात. फोन करून विचारा.

आणि कायद्याकडे पाहा, तो राज्यागणिक बदलतो. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ ला एका विद्यार्थ्याने चार मुलांचा जीव घेतला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी आणलं होतं. २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

मुलगी सोळा वर्षांची आहे, समजूतदार आहे. आता कुलूप कशाला?

लहान मुलांच्या बाबतीत भीती अपघाताची. या वयात भीती वेगळी आहे, आणि आपण ती बोलत नाही. परीक्षेचा ताण, तुटलेली मैत्री, घरातलं भांडण यातून मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येऊ शकतो. तो अनेकदा फार थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात हाताशी बंदूक नसेल तर मूल वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि वाचलेली बहुतेक मुलं पुढे जगतात. बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी सुमारे नऊ वेळा जीव घेतो. म्हणून समजूतदार मुलीसाठीही कुलूप हवंच, आणि ती उदास, गप्प, चिडचिडी झाली असेल तर बंदूक काही महिने घराबाहेरच ठेवा. मुलीला थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी मदतीसाठी असलेल्या ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, आईवडिलांनीही करावा.

सुट्टीत कोकणात गावी जातो. तिथे काकांची ठासणीची बंदूक आहे.

वानर, रानडुकरं यांच्यापासून शेत राखायला परवान्याची बंदूक कोकणात अनेक घरांत आहे. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला ती संग्रहालयातली वस्तू वाटते आणि म्हणूनच तो तिला हात लावतो. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासतात. काडतूस काढून घ्यावं तशी ती रिकामी करता येत नाही, बहुधा बार उडवूनच रिकामी होते. त्यामुळे "केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढलेली आहे, काही होत नाही" या आश्वासनावर जाऊ नका, आत दारू तशीच असते. काकांना आदराने पण स्पष्ट सांगा: "काका, पोरं आहेत तोवर बंदूक आणि दारू कुलपात राहू दे." मी सांगितलं तेव्हा काकांनी निमूट कोठीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

जत्रेतली फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक? जरूर मारू द्या, तुम्ही शेजारी उभं राहून. मागे वळताना नळी लोकांकडे फिरते तो क्षण जपायचा असतो.

स्वप्नील कुसाळेला पाहिल्यापासून मुलीला नेमबाजी शिकायची आहे. हे वर लिहिलेल्या सगळ्याच्या उलट नाही का?

अजिबात नाही, आणि मला या प्रश्नाचा फार आनंद होतो. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या मुलाने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं, तेव्हा आमच्या घरात पहाटे सगळे टीव्हीसमोर होते. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं.

मुलीला रेंजवर घेऊन जा आणि नेम बघण्याआधी शिस्त बघायला लावा. आज्ञा होईपर्यंत कुणी शस्त्राला स्पर्श करत नाही. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. झाडणं थांबलं की नळीत चमकदार रंगाची सुरक्षा-पट्टी घालून ठेवायची, म्हणजे रिकामी असल्याचं लांबून दिसतं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून वागायचं. इथे फोर-एच या मुलांच्या संघटनेत आणि स्काउटिंगमध्ये प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली शिकता येतं. भारतात शस्त्रपरवाना एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही, पण प्रशिक्षणासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. एक मात्र ध्यानात ठेवा: रेंजवर शिकलेलं मूलही घरात कुलपाबाहेरच्या बंदुकीपाशी मूलच असतं.

मुलाने येऊन सांगितलं की त्याने कुणाकडे तरी बंदूक पाहिली किंवा हातात घेतली. तेव्हा काय करायचं?

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. मित्राकडे गेला होता. मित्राने आईवडिलांच्या खोलीतला टॉवेलचा खण उघडून दाखवला. माझ्या मुलाने पिस्तूल हातात घेतलं, "जड आहे" म्हणाला आणि परत ठेवलं. चारही पायऱ्या त्याला पाठ होत्या. मला त्याने हे दोन दिवसांनी, रात्री दिवा मालवल्यावर सांगितलं, कारण मी ओरडेन अशी त्याला भीती होती. ते दोन दिवस ते पिस्तूल त्याच खणात होतं, आणि त्या घरात चार वर्षांची धाकटी मुलगीही होती.

म्हणून आधी ओरडू नका. "सांगितलंस ते फार चांगलं केलंस" एवढंच म्हणा, आणि तो गप्प होईपर्यंत ऐका. कुठे होतं, अजून कोण होतं, एवढं विचारा. मग त्याच रात्री, कितीही उशीर झालेला असला तरी, त्या घरी फोन करा. मी रात्री साडेदहाला केला. पलीकडून ती आई काही क्षण काहीच बोलली नाही. मग फोन तसाच ठेवून ती जिना चढत गेल्याचा आवाज मला ऐकू आला.